सहा फ्लास्क आणि एक रांग : पाच दिवसांच्या सेल कल्चर प्रशिक्षणातलं एक प्रकरण

तिसऱ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटरमधून सहा फ्लास्क बाहेर काढले आणि एकामागून एक मायक्रोस्कोपखाली ठेवले. सहाही फ्लास्कमध्ये आदल्या दुपारी पाच-पाच लाख पेशी टाकलेल्या होत्या, निदान सहाही वह्यांत तसं लिहिलेलं होतं. पेशी एकाच जातीच्या, मीडियम (पेशींचं पोषक द्रव) एकाच बाटलीतलं, इन्क्युबेटरही एकच. तरी सहापैकी फक्त दोन फ्लास्क एकमेकांसारखे दिसत होते.

हे प्रकरण त्या सहा फ्लास्कचं आहे. प्रशिक्षण मीच घेत होते. तेव्हा चुका कोणाच्या हे लिहिताना माझ्या वाट्याच्या चुका मला वगळता येणार नाहीत.

काय ठरलं होतं

बारा प्रशिक्षणार्थी, सहा जोड्या, पाच दिवस. बहुतेकांनी प्राणी पेशींचं कल्चर, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवणं, याआधी फक्त पुस्तकात पाहिलेलं. दोघांनी जिवाणूंवर काम केलेलं, एकीने पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये रक्तपेशी मोजलेल्या. पहिला दिवस हात बसवण्याचा: जैवसुरक्षा कॅबिनेटमध्ये हात कसे हलवायचे, बाटलीच्या उघड्या तोंडावरून हात का न्यायचा नाही, ७० टक्के अल्कोहोल कुठे आणि किती. त्यानंतर रंगीत पाण्याने पिपेटिंग. दुसऱ्या दिवशी खरं काम, म्हणजे पॅसेज. भरलेल्या फ्लास्कमधल्या तळाला चिकटलेल्या पेशी ट्रिप्सिन या विकराने सोडवायच्या, मोजायच्या आणि नव्या टी-२५ फ्लास्कमध्ये पेरायच्या. तिसऱ्या दिवशी ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये पेरणी, चौथ्या दिवशी त्यावर एक विषारी संयुग, पाचव्या दिवशी एमटीटी चाचणी, म्हणजे रंगावरून जिवंत पेशींचा अंदाज. मधल्या वेळात पेशी गोठवणं आणि वितळवणं.

पेशी एल-९२९ जातीच्या घेतल्या होत्या. उंदराच्या संयोजी ऊतीतून आलेली ही जुनी पेशीमालिका. १९४८ साली सॅनफर्ड, अर्ल आणि लाइकली यांनी एकट्या पेशीपासून वाढवलेला हा क्लोन. शिकाऊ हातांसाठी तो मला आवडतो, कारण पेशी पृष्ठभागाला घट्ट चिकटतात, साधारण एका दिवसात दुप्पट होतात आणि थोडीफार हेळसांड सोसतात. माणसाच्या पेशी नसल्यामुळे सुरक्षेचा ताणही कमी असतो. शिवाय प्रशिक्षणात एकच पेशीमालिका वापरायची हा माझा हट्ट आहे. १९६६ मध्ये स्टॅन्ले गार्टलर यांनी दाखवून दिलं होतं की वेगवेगळ्या नावांनी वाढवल्या जाणाऱ्या कितीतरी पेशीमालिका प्रत्यक्षात हेलाच (माणसाच्या कर्करोगातून आलेली पेशीमालिका) आहेत. ती गफलत मुरलेल्या लोकांच्या हातून झाली होती. बारा नवख्या माणसांच्या हाती एकाच खोलीत दोन मालिका देणं म्हणजे आपणहून घोळाला आमंत्रण.

साधनं अशी होती: दोन कॅबिनेट, एक इन्क्युबेटर, एक सेंट्रिफ्यूज (नळी गरगर फिरवून पेशी तळाशी बसवणारं यंत्र) आणि पेशी पाहायला व मोजायला मिळून एकच मायक्रोस्कोप. दुसरा मायक्रोस्कोप होता, पण त्याचा दिवा गेलेला होता. तेव्हा मला त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं, हेही इथे नोंदवते.

सकाळी काय दिसलं

टी-२५ म्हणजे २५ चौरस सेंटिमीटर तळाचा फ्लास्क. तो पूर्ण भरला की त्यात या पेशी पंचवीस-तीस लाखांच्या आसपास असतात. पाच लाख टाकल्या, रात्रभरात जवळपास दुप्पट झाल्या, तर सकाळी तळाचा साधारण एक तृतीयांश भाग झाकलेला दिसायला हवा.

पहिल्या आणि पाचव्या जोडीचे फ्लास्क तसेच होते. दुसऱ्या जोडीचा सत्तर टक्क्यांच्या वर भरलेला. ती दोघं खूश होती, आपल्या पेशी सगळ्यांत छान वाढल्या म्हणून. तिसऱ्याचा विरळ, आणि मीडियममध्ये गोल, चमकणाऱ्या पेशी तरंगत होत्या. चौथ्याचा त्याहून विरळ, एका दृश्यक्षेत्रात जेमतेम चार-पाच पेशी, पण तरंगणारं काहीच नाही. सहाव्याची तऱ्हा निराळी. फ्लास्कच्या मधोमध पेशींचे गठ्ठेच गठ्ठे आणि कडेला जवळजवळ कोरं.

“मॅडम, इन्फेक्शन झालंय,” चौथ्या जोडीतला मुलगा म्हणाला. नवख्यांच्या खोलीत हा शब्द फार पटकन येतो, आणि तो आला की कुणाचीच चूक उरत नाही.

संसर्ग नव्हता

तरी शंका आली की ती फेडावी लागते. जिवाणूंचा संसर्ग असता तर एवढ्या वेळात मीडियम गढूळ होऊ लागलं असतं, मीडियममधला फिनॉल रेड हा आम्लता दाखवणारा रंग पिवळ्याकडे झुकला असता, आणि मोठ्या भिंगाखाली पेशींच्या मधल्या जागेत बारीक कण वळवळताना दिसले असते. बुरशी असती तर धागे दिसले असते. सहाही फ्लास्कचं मीडियम नितळ होतं. शिवाय आदल्या दिवशी आम्ही एक सातवा फ्लास्क ठेवला होता, त्यात नुसतं मीडियम, पेशी नाहीत. तोही स्वच्छ. हा फ्लास्क ठेवायला दोन मिनिटं लागतात आणि वादविवाद अर्धा तासाने कमी होतो.

मग कोणीतरी मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूचं नाव काढलं. हे बरं झालं, कारण पुस्तकात त्यावर दोन ओळी असतात आणि लॅबमध्ये त्यापायी वर्षं जातात. पेशी कल्चरमध्ये मायकोप्लाझ्मा असल्याचं १९५६ पासून माहीत आहे. त्याला पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिन त्याचं काही वाकडं करू शकत नाही. आकार इतका लहान आणि अंग इतकं लवचीक की ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतूनही तो कधी कधी निसटतो. मीडियम गढूळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली काही दिसत नाही, फक्त पेशी हळूहळू नीट वागेनाशा होतात. ‘हळूहळू’ हा शब्द महत्त्वाचा. एका रात्रीत एक फ्लास्क भरगच्च आणि शेजारचा रिकामा, हे काम मायकोप्लाझ्माचं नाही. मूळ साठ्याची पीसीआर तपासणी महिनाभरापूर्वी झालेली होती, तरी पुन्हा नमुना काढून ठेवला. तो नंतर स्वच्छ आला.

इथे एक गोष्ट सांगून टाकते. आमच्या मीडियममध्ये पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन होतं. बहुतेक छोट्या प्रशिक्षणांत असतंच, कारण पाच दिवसांत कोणाचा फ्लास्क नासला तर त्याचं प्रशिक्षणच बुडतं. पण त्यामुळे प्रशिक्षणार्थी आपला हात स्वच्छ आहे अशी समजूत घेऊन घरी जातो. खरं तर हात स्वच्छ आहे की प्रतिजैविकाने पांघरूण घातलंय, हे त्याला कळलेलंच नसतं. आता मी प्रत्येक जोडीला एक फ्लास्क प्रतिजैविकांशिवाय देते. तो नासला तर नासू दे.

दोन विरळ फ्लास्क, दोन वेगळी दुखणी

संसर्ग बाजूला ठेवल्यावर तिसरा आणि चौथा फ्लास्क शेजारी शेजारी ठेवले आणि सगळ्यांना विचारलं, दोन्हींत पेशी कमी आहेत, मग फरक काय? उत्तर यायला बराच वेळ लागला. शेवटी पॅथॉलॉजीवाली म्हणाली, “तिसऱ्यात मेलेल्या दिसतात. चौथ्यात मेलेल्यासुद्धा नाहीत.”

सगळी मेख इथेच होती. तिसऱ्या फ्लास्कमध्ये पेशी पडल्या होत्या, पण चिकटल्या नाहीत. चौथ्यात ज्या थोड्या पेशी होत्या त्या छान पसरलेल्या, लांबट, निरोगी. म्हणजे तिथे कोणी मेलं नव्हतं. तिथे मुळात कोणी पोचलंच नव्हतं.

तिसऱ्या जोडीची वही उघडली. ‘ट्रिप्सिन घातलं ३:४०.’ पुढची ओळ ‘सेंट्रिफ्यूज ४:१०.’ मधे सीरमचं (रक्तातला पेशीविरहित द्रव मिसळलेलं) मीडियम घालून ट्रिप्सिन कधी थांबवलं याची नोंद नाही. आठवून आठवून सांगितलं ते असं: ट्रिप्सिन घालून फ्लास्क इन्क्युबेटरमध्ये ठेवला, चार मिनिटांनी काढला, पेशी सुटल्या का पाहायला मायक्रोस्कोपकडे नेला. तिथे दुसरी जोडी मोजणी करत बसली होती. म्हणून फ्लास्क हातात धरून थांबले. कंटाळून परत इन्क्युबेटरमध्ये ठेवला. पुन्हा आणला. अजून दुसरी जोडी बसलेलीच. एकंदर पंचवीस मिनिटं तरी पेशी ट्रिप्सिनमध्ये होत्या.

ट्रिप्सिन पेशींना तळाशी धरून ठेवणारी प्रथिनं तोडतं. काम झाल्यावर ते थांबत नाही. पेशीच्या अंगावरची प्रथिनं खात राहतं. सीरममध्ये ट्रिप्सिनला आवर घालणारे घटक असतात, म्हणून सीरमचं मीडियम घालणं हा नुसता पुढचा टप्पा नसून ब्रेक आहे. आणि इथे एक फसवी गोष्ट घडली होती. त्या जोडीच्या वहीत ट्रिपॅन ब्लूच्या (मेलेल्या पेशींत शिरून त्या निळ्या करणारा रंग) मोजणीत नव्वद टक्क्यांहून जास्त पेशी जिवंत लिहिल्या होत्या. खोटं लिहिलं नव्हतं. ट्रिपॅन ब्लू फक्त पेशीचं आवरण त्या क्षणी फाटलंय का एवढंच सांगतो. जखमी पेशीचं आवरण तासन्‌तास शाबूत राहू शकतं. ती रात्री मरते आणि सकाळी तरंगते.

हे नुसतं तर्काने सोडवलं असं होऊ नये म्हणून राखून ठेवलेल्या दोन भरल्या फ्लास्कवर तेच पुन्हा केलं. एकाला चार मिनिटं, दुसऱ्याला पंचवीस मिनिटं ट्रिप्सिन, बाकी सगळं सारखं. दुसऱ्या सकाळी पंचवीस मिनिटांच्या फ्लास्कमध्ये तेच गोल, चमकणारं तरंगतं पीक आलं होतं.

नळी उभी ठेवून पाहिली

चौथ्या जोडीची वही मात्र नमुनेदार होती. वेळा अचूक, गणित बरोबर. मिलिलिटरला १० लाख पेशी, म्हणून अर्धा मिली फ्लास्कमध्ये. मला तासभर काही सापडेना. मग मी त्यांना म्हटलं, काल जे केलंत ते बोलू नका, करून दाखवा, जिथे थांबला होतात तिथे थांबा.

त्यांनी दाखवलं. पेशींची गोळी तीन मिली मीडियममध्ये विरघळवली, पिपेटने नीट वरखाली केली, लगेच मोजणीसाठी थेंब काढला. नळी कॅबिनेटमधल्या स्टँडमध्ये उभी ठेवली. मायक्रोस्कोपपाशी गेले. तिथे तिसरी जोडी होती, त्यामुळे थांबले. मोजलं, गणित केलं, मला दाखवलं, मी तपासून ‘छान’ म्हटलं. परत आले, पिपेट नळीत घातली आणि वरून अर्धा मिली उचललं.

“किती वेळ गेला असेल?” मी विचारलं.

“वीस मिनिटं असेल, मॅडम.”

मग आम्ही फळ्यावर हिशोब मांडला. द्रवात मोकळी असलेली पेशी तिच्या वजनाने खाली बसते. सुमारे १५ मायक्रोमीटर व्यासाची पेशी, मीडियमपेक्षा किंचितच जड, तरी मिनिटाला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास खाली जाते. वीस मिनिटांत आठ ते दहा मिलिमीटर. टोकदार तळाच्या १५ मिलीच्या नळीत वरचे आठ मिलिमीटर म्हणजे एक मिलीहून जास्त द्रव. आणि त्यांनी उचललं अर्धा मिली, तेही वरून. म्हणजे त्या पिपेटमध्ये जवळपास नुसतं मीडियमच आलं होतं. मोजणी बरोबर होती, गणित बरोबर होतं, आणि मोजलेली गोष्ट तोवर नळीच्या तळाशी जाऊन बसली होती.

हे कोणालाच पटेना. डोळ्यांना नळी सगळीकडे सारखीच धुरकट दिसते, निदान तसं वाटतं. म्हणून एक नळी ढवळून वीस मिनिटं उभी ठेवली, आणि वरून, मधून, तळातून थेंब काढून मोजले. वरच्या थेंबात मोजणीच्या काचेवरच्या चारही कोपऱ्यांच्या चौकोनांत मिळून तीन पेशी. तळाच्या थेंबात इतक्या की मोजायचा कंटाळा आला. त्या दिवशीच्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा हे तीन थेंब जास्त शिकवून गेले, असं मला वाटतं. त्यानंतर खोलीत नळी हातात घेतली की प्रत्येक जण ती आधी हळूच उलटी करत होता, रिकामी असली तरी.

दुसरी आणि सहावी

दुसऱ्या जोडीचं प्रकरण लवकर मिटलं. ट्रिपॅन ब्लूमध्ये नमुना निम्मा-निम्मा मिसळल्यावर उत्तराला दोनने गुणायचं असतं. ते राहून गेलं. त्यामुळे मिलिलिटरला १० लाख पेशी असताना त्यांना त्या ५ लाख वाटल्या, आणि अर्ध्या मिलीऐवजी पुरा एक मिली टाकला. सगळ्यांत छान वाढलेला फ्लास्क म्हणजे दुप्पट पेरलेला फ्लास्क. मोजत असताना पाठीशी तिसरी जोडी फ्लास्क घेऊन उभी होती, त्या घाईत झालं असं ते म्हणाले. मी हे सगळं घाईवर ढकलणार नाही. दोनने गुणायचं राहणं निवांत बसूनही होतं, माझ्याही हातून झालेलं आहे.

सहाव्या जोडीत दोन गोष्टी एकात एक अडकल्या होत्या. जुनं मीडियम काढल्यावर फ्लास्क कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएसने (क्षारांचं द्रावण) धुवायचा असतो. त्यांनी तो धुतला नाही. तळाशी राहिलेल्या सीरमने ट्रिप्सिनला अडवलं, कॅल्शियमने ट्रिप्सिनसोबतच्या ईडीटीएला, ज्याचं काम पेशींभोवतीचं कॅल्शियम बांधून ठेवणं. पेशी सुटेनात. मग त्यांनी फ्लास्कच्या बाजूवर हाताने आपटायला सुरुवात केली. पेशी सुटल्या, पण एकेकट्या नाही, चादरीचे तुकडे फाटावेत तशा. हे गठ्ठे नव्या फ्लास्कमध्ये टाकल्यावर सारखे पसरावेत म्हणून फ्लास्क गोल गोल फिरवला. चहात साखर ढवळल्यावर कपाच्या मधोमध जशी गोळा होते, तशा पेशी मधे जमल्या. फ्लास्क गोल फिरवायचा नसतो. आडवा आणि उभा, म्हणजे आधी डावीकडे-उजवीकडे, मग पुढे-मागे, असा हळू सरकवायचा आणि ताबडतोब सपाट ठेवून द्यायचा.

धुवायचं का राहिलं, हे त्यांनी सांगायचं टाळलं. त्या जोडीतल्या एकीने नंतर सांगितलं: संध्याकाळ झाली होती, कॅबिनेट त्यांच्या वाट्याला सगळ्यांत शेवटी आलं, आणि मी दारातून “आवरा आता” असं दोनदा म्हटलं होतं.

रांग

त्या रात्री सहा वह्यांतल्या वेळा एका मोठ्या कागदावर शेजारी शेजारी मांडल्या. बिघडलेल्या चार फ्लास्कपैकी तिघांची वाट त्या एका मायक्रोस्कोपपाशी किंवा कॅबिनेटच्या दाराशी येऊन थांबत होती. पहिली जोडी नीट पार पडली, कारण तिच्यापुढे कोणी नव्हतंच. पाचवी जोडी रांगेत होती, तरी तिचा फ्लास्क चांगला आला, कारण पॅथॉलॉजीवाली त्याच जोडीत होती आणि रक्ताची नळी उलटी-सुलटी केल्याशिवाय थेंब काढायचा नाही ही तिच्या हाताला लागलेली सवय होती. ती तिला कोणी सेल कल्चरसाठी शिकवली नव्हती.

आमची छापील कार्यपद्धती एका माणसासाठी, एका कॅबिनेटसाठी, रिकाम्या मायक्रोस्कोपसाठी लिहिलेली होती. ‘पेशी सुटल्या का पाहा. सुटल्या असतील तर मीडियम घाला.’ या दोन वाक्यांच्या मधे वीस मिनिटं उभं राहावं लागेल हे त्यात कुठेच नव्हतं. अनुभवी माणूस थांबायची वेळ आली की आपोआप सावरून घेतो: ट्रिप्सिन आधी थांबवतो, नळी पुन्हा ढवळतो, बाटलीचं झाकण लावतो. नवख्या माणसाला कागदावर लिहिलंय तेवढंच माहीत असतं, आणि कागदावर रांग लिहिलेली नव्हती. बंद पडलेला दिवा बदलायला एक दिवस लागला असता.

वेळापत्रक मोडलं

तिसऱ्या दिवशीची ९६ खळग्यांची पेरणी पुढे ढकलायची की नाही यावरून माझं आणि माझ्या सहकाऱ्याचं चांगलंच वाजलं. त्याचं म्हणणं, लोक संयुगाची चाचणी शिकायला आलेत, त्यांना पाचव्या दिवशी आलेख हातात हवा. मुद्दा खरा होता. पण ज्यांना पाच लाख पेशी मोजून टाकता येत नाहीत त्यांनी खळग्यात दहा हजार टाकून त्यावर विष घालायचं, आणि रंग फिका आला की तो विषाचा परिणाम समजायचा? तो आलेख दिसायला सुंदर दिसला असता, आणि अर्थशून्य असता. शेवटी विषाचा भाग काढून टाकला. एका प्रशिक्षणार्थ्याने अभिप्रायाच्या कागदावर याबद्दल नाराजी लिहिली, आणि ती रास्त होती. जाहिरातीत जे लिहिलं होतं ते आम्ही दिलं नाही.

त्याऐवजी तिसऱ्या दुपारी झाकलेली मोजणी घेतली. एकच नळी, सहा जोड्या, प्रत्येकीने आपला आकडा चिठ्ठीवर लिहून घडी घालून द्यायचा. पहिल्या फेरीत एकाच नळीतून मिलिलिटरला ५.२ लाखांपासून ११.५ लाखांपर्यंत उत्तरं आली. सगळ्यांत मोठ्या आकड्यामागे हिमोसायटोमीटर, म्हणजे पेशी मोजायची रेघा आखलेली काच, होतं. त्याच्या चौकोनाची लांबी-रुंदी एक-एक मिलिमीटर आणि खोली ०.१ मिलिमीटर, म्हणून एका चौकोनावर एका मिलीचा दहा हजारावा भाग असतो आणि पेशींना १० हजारांनी गुणलं की मिलिलिटरचा आकडा मिळतो. पण ही खोली काचपट्टी नीट बसली तरच खरी. त्या जोडीने इतका द्रव भरला होता की काचपट्टी वर उचलली गेली. खोली वाढली, पेशी वाढल्या, गुणाकार तोच राहिला.

दुसऱ्या फेरीच्या आधी तीन गोष्टी ठरवल्या. थेंबाआधी नळी पाच वेळा उलटायची. वरच्या आणि डाव्या रेषेवरची पेशी मोजायची, खालच्या आणि उजव्या रेषेवरची सोडायची. ट्रिपॅन ब्लू घातल्यावर तीन ते पाच मिनिटांत मोजून संपवायचं, कारण जास्त वेळ गेला तर जिवंत पेशीही निळ्या व्हायला लागतात. दुसऱ्या फेरीत उत्तरं ७.४ ते ९.१ लाखांत आली.

“अजून एकसारखी का येत नाहीत?” असं एकाने विचारलं. ती तशी येणारच नाहीत. शंभर पेशी मोजल्या तर निव्वळ योगायोगाने दहा-एक पेशींचा फरक पडतो. हा चढउतार संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. चारशे मोजल्या तर वीस, म्हणजे पाच टक्के. आम्ही प्रत्येक वेळी पावणेदोनशेच्या आसपास मोजत होतो. ७.४ आणि ९.१ यांतला फरक हाताच्या चुकीशिवायही पडू शकतो. यापुढे कितीही नीट मोजलं तरी तो जाणार नाही, जास्त पेशी मोजल्या तरच घटेल. हे कळल्यावर दोघांचे चेहरे सुटले. इतका वेळ ते स्वतःला दोष देत होते.

चौथ्या सकाळी ९६ खळग्यांची पेरणी केली, पण वेगळ्या प्रश्नासाठी. खळग्यात ४० हजार पेशींपासून निम्म्या-निम्म्या करत १,२५० पर्यंत, शेवटी पेशी नसलेला खळगा. कडेच्या खळग्यांतून पाणी लवकर उडतं, म्हणून तिथे नुसतं पीबीएस. पाचव्या दिवशी एमटीटी. टिम मोसमन यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही चाचणी. पिवळ्या एमटीटीचं जिवंत पेशी जांभळ्या फॉर्मझानमध्ये रूपांतर करतात, ते विरघळवून ५७० नॅनोमीटरला मोजायचं. पेशी निम्म्या तर रंग साधारण निम्मा. म्हणजे मोजणी आणि पिपेटिंग बरोबर असेल तर बिंदू सरळ रेषेत यावेत, आणि ती रेषा कोणाच्याही शाबासकीपेक्षा खरी. चार जोड्यांची रेषा सरळ आली. वरचं टोक सगळ्यांचंच वाकलं, कारण ४० हजारांना खळगा जवळपास भरतो. ते अपेक्षितच होतं. सहाव्या जोडीचे मधले दोन बिंदू ढळले. सौम्यीकरण करताना दोनदा टिप बदलायची राहिली, हे त्यांनी स्वतःहून शोधून सांगितलं. तिसऱ्या जोडीची रेषा सगळ्यांत सरळ होती.

पेशी गोठवण्याचा भाग तासाभरात उरकावा लागला. १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना वाचवणारं द्रव), मिनिटाला एक अंश या वेगाने थंड करणारा डबा, उणे ८० अंशांचा फ्रीझर. वितळवून पाहायला वेळ उरला नाही. ही उणीव राहिलीच.

पुढच्या तुकडीत

पुढच्या वेळी मायक्रोस्कोपचा दिवा बदललेला होता. जोड्या एकाच वेळी सुरू करण्याऐवजी वीस-वीस मिनिटांच्या अंतराने सुरू केल्या. थांबलेल्या जोड्यांना काम म्हणून झाकलेली मोजणी दिली. पॅसेज एकदाऐवजी दोनदा ठेवला, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी, कारण पहिल्यांदा चुकलेलं दुसऱ्यांदा नीट करायला मिळालं नाही तर शिकणं अर्धवट राहतं. त्यासाठी विषाची चाचणी जाहिरातीतूनच काढली. कार्यपद्धतीच्या कागदावर प्रत्येक टप्प्यापुढे एक रकाना वाढवला: ‘इथे थांबावं लागलं तर’. ट्रिप्सिनच्या ओळीपुढे त्यात लिहिलंय: ‘थांबू नका. न पाहता मीडियम घाला. थोड्या पेशी चिकटून राहिल्या तरी चालतील.’

तिसऱ्या सकाळी सहा फ्लास्क काढले. सगळे एक तृतीयांशाच्या आसपास भरलेले, तरंगणारं काही नाही, गठ्ठे नाहीत. मात्र सहाही फ्लास्कमध्ये पेशी एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ होत्या, आणि सगळ्यांची दाट बाजू एकच, इन्क्युबेटरच्या मागच्या भिंतीकडची. आतली फळी काढून पुन्हा बसवताना मागची एक खुंटी खालच्या खाचेत गेली होती. सहकाऱ्याने कुठूनतरी पाणसळ आणली, फळीवर ठेवली, आणि बुडबुडा दाराच्या दिशेने निघून गेला.